कार्डावर किती जण?

चाकणच्या कंपन्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची डिझाइनं मी थेरगावला घरी बसून करते. गेल्या वर्षी टेबलावर तिसरा नवा मॉनिटर आला आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाने हात टेकले. डांगे चौकातल्या दुकानदाराने फोनवर दोन कार्डं सुचवली. एक वेगवान, पण त्यावर तीनच स्क्रीन चालणार. दुसऱ्यावर चार चालतात, पण ते जरा संथ.

"तीनच आहेत ना तुमच्याकडे? मग वेगवान घ्या, मॅडम."

फोन स्पीकरवर होता. शेजारी वडील शेंगा सोलत बसले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी मान वर केली. "कार्डावर किती जण बसत्यात म्हनला त्यो?"

मला हसू आवरेना. दादांच्या लेखी कार्ड एकच, रेशनचं. "तीन," मी म्हटलं.

"मंग चौथीचं नाव कमी करायचं व्हय?"

चौथी म्हणजे कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली जुनी, चौकोनी स्क्रीन. काळेवाडीच्या दोन खोल्यांत असताना दादांनी ती ताईच्या क्लाससाठी घेतली होती. बहिणी दोन आणि कॉम्प्युटर एक. रोजची हमरीतुमरी बघून दादांनी त्यांच्या कंपनीतला न्याय लावला: ताईची फर्स्ट शिफ्ट, माझी सेकंड. ताई खुर्चीवरून वेळेवर उठेल तर शपथ. मी मागे उभी राहून खुर्ची हलवायचे, तर म्हणायची, "ओव्हरटाइम चाललाय, गेटवर थांब." मी तणतणत आईकडे जायचे. आई म्हणायची, तुमच्या कंपनीला एक दिवस मीच टाळं लावते. त्या भांडणांची मला अजून इतकी आठवण येते, की कधी कधी खुर्चीत बसायच्या आधी मी उगाच थांबते.

लग्न होऊन ताई बंगळुरूला गेली. रेशन कार्डावरचं तिचं नाव कमी करायला दादा स्वतः गेले होते. परत आले आणि चपला न काढताच पाणी प्यायले. आईने विचारलं, झालं का काम? "झालं. एका रेघंत झालं," म्हणाले, आणि जेवायला बसले नाहीत.

मी दुकानदाराला चार स्क्रीनवालं कार्ड सांगितलं. उगाच वेग घालवताय, तो म्हणाला. म्हटलं, घालवते. जुन्या स्क्रीनची पिन नव्या कार्डात बसेना, म्हणून वर एक कन्व्हर्टरही आणावा लागला. मोठं ड्रॉइंग उघडेपर्यंत आता माझा चहा पिऊन होतो. तक्रार कुणाकडे करणार?

रविवारी त्या पिवळट पडलेल्या स्क्रीनवर ताईचा व्हिडिओ कॉल लावला. दादा खुर्ची ओढून इतके जवळ बसले, की तिला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"दादा, जरा मागे सरका की."

दादा सरकले नाहीत. "तुजं नाव चढवलंय बरं का कार्डावर," ते म्हणाले.

"कुठल्या कार्डावर?"

दादांनी माझ्याकडे बघून नुसता हात हलवला, तू सांग म्हणून.

"घरच्या," मी म्हटलं.

ताई नाक ओढून म्हणाली, "मग फर्स्ट शिफ्ट माझी. तू गेटवर थांब."