नाल्याकाठचा हिरवागार पट्टा

समस्त जनतेस कळवण्यात अत्यानंद होतो की बंगालचा उपसागर आता सुरक्षित हातांत आहे. त्याच्या रक्षणाची जबाबदारी जालना रोडवरच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यानं उचलली आहे. तिथं एका प्रोजेक्टचं ऑफिस आहे, एसी आहे, प्रोजेक्टर आहे आणि बंगालचा उपसागर कधीही न पाहिलेली बारा माणसं आहेत. कृपया कोणीही घाबरून जाऊ नये.

मी त्या प्रोजेक्टची केमिस्ट. चिकलठाण्याच्या लॅबमध्ये पाण्याच्या बाटल्या तपासणं हे माझं काम. प्रकरण तसं साधं आहे. घातलेला सगळा युरिया पीक खात नाही. उरलेला पावसाबरोबर नाल्यात, नाल्यातून गोदावरीत आणि शेवटी समुद्रात जातो. तिथं त्यावर शेवाळ माजतं, मग कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात. समुद्र अनेक देशांचा, म्हणून काळजीही अनेक देशांची.

पैठणच्या बाजूच्या एका गावात आम्ही दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्यांना माती तपासून कार्ड दिलं, की बाबांनो, एवढंच खत घाला. आणि नाल्याच्या काठानं दहा फूट रुंद गवताचा पट्टा लावायला दिला. शेतातून वाहून आलेलं पाणी गवतात थबकतं, मुळं त्यातलं खत पिऊन घेतात. गाळणीच म्हणा.

गवत असं माजलं की माणूस आत हरवावा. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पाटणकर साहेब हरखून गेले. त्यांनी त्याचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर घातला आणि गावात सभा घेऊन माइकवर जाहीर केलं, "पट्ट्यामुळं तुमचं पाणी सुधारलं." पाण्याच्या बाटल्या तेव्हा माझ्या टेबलावर यायच्या होत्या.

त्या आल्या. नाल्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं खतच, पट्टा लावायच्या आधीपेक्षा वाढलेलं. पट्ट्याला लागून असलेल्या विहिरीत तर पिण्याच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मी पुन्हा तपासलं. मशीन खरं बोलत होतं. आमच्या ऑफिसात ती सवय फक्त त्यालाच होती.

"सॅम्पलिंग एरर," साहेब म्हणाले. "गवत बघा ना किती हिरवं आहे."

"सर, ते हिरवं आहे हेच मला खटकतंय."

"मॅडम, गुरुवारी पैसे देणाऱ्या देशांचं डेलिगेशन येतंय. त्यानंतर खटकू द्या."

मी दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. विहीर भानुदास तात्यांची. ते पट्ट्यात वाकून म्हशींसाठी गवत कापत होते.

"तात्या, याला काय घालता?"

"युरिया." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. "तुमच्या कार्डात लिव्हलंय, कपाशीला दोन गोण्या कमी घाला. म्या कमी केल्या. मंग त्या गोण्या काय उशाला घ्यायच्या? इकडं तुमच्या हापिसातून दर पंधरा दिसाला फोन, फोटोत पट्टा पिवळा दिसतोय, हिरवा पायजे. म्हणलं घ्या हिरवा. म्हशी बी खूश, साहेब बी खूश."

मी बांधावर बसले. हसू आवरेना. खत अडवायला लावलेल्या गाळणीतच आम्ही खत ओतत होतो. यात तात्यांचा काडीचा दोष नव्हता. चारा हेही पीकच, आणि फिकं पडलेल्या पिकाला काय घालायचं हे त्यांना तिसऱ्या मजल्यानं शिकवायची गरज नव्हती. 'पट्ट्याला खत घालू नये' ही ओळ आमच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत होती. पुस्तिका इंग्रजीत होती, कारण ती डेलिगेशनसाठी होती.

घरात गेल्यावर हसू थांबलं. तात्यांची लेक सविता पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळ दीड महिन्याचं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून पावडरचं दूध, आणि त्याला पाणी त्याच विहिरीचं. एवढ्या नायट्रेटनं तान्ह्या मुलाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. मूल निळं पडू शकतं, दगावू शकतं.

"उकळून देतो की आम्ही," तात्यांच्या पत्नी कडूबाई म्हणाल्या.

"उकळल्यानं ते जात नाही, काकू. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. बाळापुरता तरी विकतच्या पाण्याचा जार आणा."

"माझी तीन लेकरं याच विहिरीवर वाढली. अन् तुमचे साहेब तर माइकवर म्हणले, पाणी सुधारलं. मंग आता तुमचं ऐकू का साहेबाचं?"

प्रश्न रास्त होता. सविता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आईपुढं तिचं काही चालत नव्हतं. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हटलं, हे पाणी बाळाला देऊ नका, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडानं बोला. "शुक्रवारी बोलतो," म्हणाले. मी सहीनिशी रिझल्ट त्यांना पाठवला, ग्रामपंचायतीतही दिला. ग्रामपंचायतीनं तो 'प्रोजेक्टचा विषय' असा शेरा मारून प्रोजेक्टकडे परत पाठवला.

आता शेवट मी आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत शेवटचा शब्द माझा नाही. गुरुवारी दुपारीच त्या घरात जार आला. बाळाला काही झालं नाही. तात्यांनी युरिया थांबवला, पट्टा फिका पडला आणि पुढच्या पावसात नाल्याचे आकडे खाली आले. मुखपृष्ठावर फोटो अजून जुनाच आहे. धडा एवढाच, की केमिस्टच्या सहीपेक्षा मॅनेजरची घाबरगुंडी लोकांना लवकर पटते.

तर गुरुवार. चार पाहुणे पट्ट्यापाशी उभे होते. साहेब त्यांना इंग्रजीत सांगत होते की इथलं पाणी आता उत्तम आहे. कडूबाईंच्या दारी आलेला माणूस पाण्याशिवाय जात नाही. त्यांनी विहिरीचं ताजं पाणी शेंदलं, घासलेले पेले ताटात मांडले आणि पाहुण्यांपुढं धरले. एका पाहुण्या बाईंनी हसून पेला उचलला, ओठांपाशी नेला.

माझा रिझल्ट वाचल्याचं साहेबांनी तोवर कबूल केलं नव्हतं. पण वाचला होता. अर्ध्या गावासमोर, दारात बाळ घेऊन उभ्या असलेल्या सवितासमोर, अस्सल मराठीत ते ओरडले:

"अहो, हे पाणी काय देताय त्यांना, माणसं आहेत ती!"