खिसे उलटे करा

कर्जतजवळच्या जंगल संशोधन केंद्रात पाहुण्यांना फिरवणारा हा माणूस भलताच संतापी आहे. कुणी झाडाला टेकलं की "भिंत हाय का ती?" कुणी मोबाईलवर गाणं लावलं की "बंद करा, नायतर इथनंच मागं फिरा!" पाच वर्षं मी शहरातले ग्रुप घेऊन जातोय, पण हसून 'या' असं तो एकदाही म्हणालेला नाही. परतताना फाटकाशी तो प्रत्येकाला खिसे उलटे करायला लावतो. मला तेवढं म्हणायचा, "तुमी जावा, सर."

परवा मात्र माझा फुगलेला खिसा त्याला दिसला. सगळ्यांसमोर त्यातून गारंबीच्या वेलीची मोठी चपटी बी निघाली.

"एकच तर आहे!" मी चिडलो.

"जिथनं उचलली तिथं ठेवा. चला."

भर उन्हात पाऊण तास चढ. मी पुढे, तो मागे, दोघंही धुमसत. वेलीखाली बी आपटून मी खेकसलो, "आता काय रुजणार आहे का ही?"

"नाय रुजली तर साळिंदर खाईल. तुमच्या शोकेसमदी कोण खानार हाय?"

शोकेसमध्ये तीन आहेत, त्याच वेलीच्या. तिन्ही वेळा तो म्हणाला होता, "तुमी जावा, सर."