बारा पाटांच्या खुणा

टी-शर्टवर चार रंगांचं चित्र छापायचं असेल तर खोलीतला पंखा बंद ठेवावा लागतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल. रंग पाण्याचा असतो. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून तो रबरी पट्टीनं ओढून खाली कापडावर उतरवायचा. वारा लागला की रंग जाळीतच वाळतो, छिद्रं बुजतात आणि चित्रातला एखादा कान, एखादी मिशी गायब होते. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. एकदा चौकट हातात घेतली की ओळ संपेपर्यंत सोडायची नाही, मग दारात कुणी का येईना. वर पत्रा आणि बाहेर नांदेडचा उन्हाळा. पाहुण्या बाया म्हणतात, तुमचं बरंय, घरबसल्या काम. बसल्या कुठं बाई, उभ्या.

खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच टेबल आहे. त्यावर पंगतीला मांडावेत तसे ओळीनं बारा पाट. प्रत्येक पाटावर एक शर्ट डिंकानं चिकटवायचा, आणि पिवळ्याची चौकट घेऊन पहिल्यापासून बाराव्यापर्यंत छापत जायचं. बाराव्याला पोचेपर्यंत पहिला वाळलेला असतो. मग लाल, मग हिरवा, सगळ्यात शेवटी काळा. फिका आधी, गडद मागून. चारही रंग एकावर एक नेमके बसले तर वाघ होतो, नाही बसले तर नुसते डाग.

ते नेमके बसावेत म्हणून प्रत्येक पाटाच्या कडेला दोन खिळे ठोकलेले असतात. चौकट त्यांना टेकवली की काम झालं, डोळे मिटून छापा. पण आमचे खिळे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच ढिले झाले. पाटही कुठं फुगले, कुठं सरकले. हे म्हणाले होते, "सुताराला बोलावतो, दोन दिवसांचं काम हाय."

मी म्हणलं, "काही गरज न्हाई. माझ्या हाताला ठावं हाय."

आणि होतंच ठाऊक. तिसऱ्या पाटावर चौकट जराशी डावीकडं. सातव्यावर उजवीकडं दोन दोरे, म्हणजे शिवणाच्या दोन दोऱ्यांएवढं. नवव्यावर खालचा कोपरा दाबून धरायचा. गिऱ्हाईक शर्ट उलटासुलटा करून बघायचं आणि ह्यांना म्हणायचं, "मशीनवर छापल्यावानी हाय की." हे म्हणायचे, "मशीन आत उभी हाय." मला त्याचं लई कौतुक वाटायचं. त्यात काय अडकलंय हे कळायला वीस-बावीस वर्षं गेली.

लातूरला माझी थोरली बहीण राहते. अक्का. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, अक्का अठराची. माझी वेणी तिनं घातली, माझ्या उवा तिनं काढल्या, आणि माझं लग्न ठरेपर्यंत ती माहेराला धरून बसली. लातूर काही विलायत नाही. लोहा, अहमदपूर, की आलंच. पण मी जायची ती सकाळच्या एसटीनं आणि यायची ती संध्याकाळच्या. अक्का दर वेळी म्हणायची, "वस्तीला ये की गं एकदा. पदर खोचूनच येतीस आणि पदर खोचूनच जातीस."

मी म्हणायची, एवढं काम झालं की येते.

गेल्या वर्षापासून अक्काला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग वार, मग माणसं. तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आईंनी काल मला इचारलं, तू कुणाची गं. तुमची मात्र आठवण हाय अजून. तवर येऊन जा."

तवर. हा शब्द माझ्या कानात बसला. तरी मी तेच म्हणलं, एवढं काम झालं की येते. त्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगचे शर्ट होते. पुढं एका मंडळाचे आले. मग लोह्याच्या कबड्डी संघाचे, सव्वाशे शर्ट, चार रंगांचा वाघ, आणि सामन्याची तारीख ठरलेली. आमची सून एका रंगाचं काम सफाईनं करते, पण चार रंग म्हणलं की सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे. मीच तशी सवय लावून ठेवलेली. त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून नव्हती, आतून होती, आणि ती मीच लावलेली.

त्या दिवशी पिवळा होऊन लाल चालू होता. सहाव्या पाटावर होते तेव्हा फोन वाजला. हात सोडता येईना. सुनेनं फोन उचलून माझ्या कानाशी धरला.

"निघालीस का?" अक्का होती. आवाज अगदी पहिल्यासारखा.

"अक्का? कुठं निघू?"

"अगं, तू सकाळीच निघाली म्हणलीस ना. मी कवाची वाट बघून राहिले. भाकरी झाकून ठेवली तुझी."

मी काही असं म्हणले नव्हते. चौकट उचलून सातव्या पाटावर ठेवली, पट्टी ओढली. "येते अक्का," म्हणलं. आठव्यावर गेले. "येतेच."

"ये मग. मी हितंच बसते."

फोन बंद झाला. मी नववा, दहावा करत बाराव्याला पोचले. सून मागं सातव्यापाशी जाऊन थांबली होती. माझ्या सासूला मी आत्या म्हणायची, तशीच ती मला म्हणते.

"आत्या, वाघानं जीभ नाकाला लावली."

बघते तर सातव्यापासून बाराव्यापर्यंत सहाही वाघांच्या जिभा सरकलेल्या. कुणाची नाकावर, कुणाची गालात. हसू येण्यासारखंच होतं, आणि सून हसलीही. मी चौकट पाण्यात घातली आणि खाली फरशीवर बसले. भर कामात मी अशी कधी बसले नव्हते.

सून शेजारी बसली. म्हणाली, "मला दाखवा ना पाटाचं. तुम्ही लातूरला जाऊन या."

"ते सांगता येत न्हाई गं. हाताला कळतं ते."

"सांगता येत न्हाई, का सांगायचं न्हाई?"

सुनेनं सासूला असं विचारावं का, ते सोडा. पाटांचं तेवढं वगळून सगळं शिकवलं होतं मी तिला. दडवायचं म्हणून नव्हतं. पण माझ्यावाचून चाललं तर मग मी कसली मशीन, ही भीती कुठंतरी होतीच.

मग ती पेन्सिल घेऊन आली. मी प्रत्येक पाटापाशी रिकामी चौकट धरायची, हात कुठं जातो ते बघायचं आणि बोलायचं. ती पाटाच्या कडेला लिहायची. तीन : डावीकडं जरा. सात : उजवीकडं दोन दोरे. पाच आणि अकरा सरळ. चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून आटायच्या आत बारा पाट संपले. माझं एवढ्या वर्षांचं सगळं हुन्नर बारा ओळींत बसलं, आणि त्यातल्या दोन तर 'सरळ' एवढ्याच. मला मोकळं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, पण त्या ओळी मी दोनदा मोजल्या.

पुढच्या बारा शर्टांवर लाल तिनं छापला. मी हात पाठीमागं बांधून उभी. नवव्या पाटावर जीभ सरकली. मी तोंडानं डावा कोपरा सांगितला होता, आणि हात इतकी वर्षं उजवा दाबत होता. तिनं खोडून नीट लिहिलं. काळा छापेपर्यंत मी थांबलेच, नाही म्हणत नाही. वाघ बसला. हे दारातून म्हणाले, "जा आता. का वाघालाबी संगं नेतीस?"

लातूरला पोचले तेव्हा अक्का गॅलरीत खुर्चीवर बसलेली. मला बघून हसली.

"या," म्हणाली. "बसा."

आयुष्यात अक्कानं मला अहो-जाहो केलं नव्हतं. तिची सून घाईनं म्हणाली, "आई, मावशी हायत की ह्या." अक्कानं मान हलवली, पाहुण्यांसमोर हलवतात तशी.

"माझी धाकटी यायची हाय नांदेडहून," मला सांगायला लागली. "वस्तीला येणार हाय. तिला काम लई असतं. तुम्हाला घाई न्हाई ना? बसा तवर."

"न्हाई," मी म्हणलं. "घाई न्हाई."

आणि तिच्याबरोबर माझीच वाट बघत बसले. गॅलरीत पंखा होता, जोरात फिरत होता. पर्समध्ये फोन वाजला, तो घेतला नाही.

चार रात्री राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिची वेणी घालत होते. केस पार विरळ झालेत, फणी अडकायला जागा नाही, तरी एका ठिकाणी अडकलीच.

"ओढू नको गं," अक्का म्हणाली.

ओळखून म्हणाली का डोकं दुखलं म्हणून, ते मी विचारलं नाही. फणी हळू केली.