तिची नजर तुमच्या हातांवर का होती

बाळांनो,

परवा फोनवर ताईने मला विचारलं, "आजी, आम्ही शेवटचं जळगावला आलो होतो तेव्हा आई आमच्याकडे बघतच नव्हती. सारखी खाली आमच्या हातांकडे बघायची. ती रागावली होती का?" मी तेव्हा म्हटलं, नाही गं, आणि विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि तुम्हाला सांगू नकोस असं तुमच्या आईनेच बजावलं होतं. पण ती रागावली होती असं मनात धरून तुम्ही मोठे झालेलं तिला चाललं नसतं. म्हणून क्रमाने लिहिते. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

त्या वर्षी आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी ती परदेशातून एकटीच जळगावला आली होती. इथे असतानाच पोटाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. तुमच्या शाळा होत्या, बाबांची नोकरी होती. औषधं संपली की ती परत येईल असं ठरलं. मग औषधं लांबत गेली, आणि नाताळच्या सुट्टीत तुम्हीच इकडे यायचं असं ठरलं.

एक काम तिने सोबत आणलं होतं. ते तिला तुम्ही यायच्या आत संपवायचं होतं. "मुलं दारात येतील तेव्हा लॅपटॉप बंद पाहिजे," असं ती रोज म्हणायची.

काम काय होतं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून सांगते. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. एका मागे एक गुंफलेली, पण सरळ राहत नाही, स्वतःवरच दुमडत जाते. दुमडल्यावर साखळीत एकमेकांपासून फार लांब असलेले दोन घटक शेजारी येऊन बसतात. असं कोण कोणाजवळ आलं आहे ते शोधायचं. तुमच्या आईकडे एकाच प्रोटीनच्या दोन रचना होत्या, एक निरोगी माणसातली आणि दुसरी एकच घटक बदललेली, आजाराची. त्या एका बदलाने कोणाची जवळीक तुटली आणि कोणाची नव्याने जुळली, हे तिला दाखवायचं होतं. संगणक यादी काढून देतो, पण शंकेची प्रत्येक जोडी पडद्यावर फिरवून डोळ्यांनी बघावी लागते.

तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या, माऊस नीट धरता येत नव्हता. मी म्हटलं, मी धरते. धुळ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, पुढे कॉलेजात जन्मभर केमिस्ट्री शिकवलेली बाई मी. मला वाटलं, एवढं तर जमेल.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. ती दुपारी झोपली होती. मी यादी घेतली आणि पेन्सिलने व्यवस्थित खुणा करत गेले. साखळीतला पहिला आणि दुसरा, दुसरा आणि तिसरा, तिसरा आणि चौथा. यांच्यामधला बंध मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला होता. याच्याहून जवळचं आणखी कोण असणार? ती उठली तेव्हा पानंच्या पानं भरली होती.

तिने बघितलं आणि पोटावरची टाक्यांची जागा धरून हसली. "आई, हे शेजारी आहेत गं! साखळीनेच बांधलेत एकमेकांना. ते जवळ असणारच. त्यांना मोजतच नाहीत."

"मग मोजतात कोणाला?"

"जे लांब आहेत आणि तरी जवळ आलेत, त्यांना."

मी खोडरबर घेऊन बसले. ऑपरेशननंतर इतकी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं, म्हणून खोडायचं काही वाटलं नाही.

मग आमची पद्धत बसली. सकाळी पोहे झाले की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. ती आकडे सांगायची, मी माऊस फिरवायची. दोन घटकांमधला एकेक ठरलेला अणू निवडायचा आणि मधलं अंतर वाचायचं. आठ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर जवळ, बाहेर असेल तर नाही. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग. मी तिला एकदा विचारलं, "पण ते खरंच एकमेकांना लागतात का?"

"ते कोणी बघितलंय?" ती म्हणाली. "लागणं आपल्याला दिसत नाही, आई. अंतर दिसतं. अंतर पुरेसं कमी असलं की लागले असं धरायचं."

डिसेंबरात चोपड्याहून माझी मोठी जाऊ आली, तुमची आई जिला मोठी माय म्हणायची. सोबत भरिताची हिरवी वांगी, भाजायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या आणि भरीत कुटायची लाकडी बडगी. हे सगळं जळगावात मिळत नाही असं तिला अजून वाटतं. आल्या आल्या तिने पडद्यावर वाकून बघितलं.

"हाई काय शे व माय? लोकरना गुंता?"

"प्रोटीन आहे, मोठी माय. कोण कोणाजवळ बसलंय ते बघतेय."

"म्हंजे पंगतना हिशोब! मंग तुन्हा मायले इचार ना. लगनमा कोन कोनाजोडे बठनं नही, ते बठ्ठं तिले अजून ध्यानमा शे."

"अक्का, लग्नातले रुसवे लक्षात ठेवणारी मी अजून इथेच बसलेय," मी म्हटलं.

"म्हनीसन तं बोलनू," जाऊ म्हणाली आणि काड्या घेऊन गच्चीवर गेली.

गच्चीवर काड्यांचा जाळ झाला. तुमच्या आईला शालीत गुंडाळून खुर्चीवर बसवलं होतं. वांगी काळी झाली, ताटात काढली. लहानपणापासून वांगी सोलायचं काम तिचंच. तिने एक उचललं आणि सोलायला लागली. वाफ निघत होती. जाऊ ओरडली, "आवं, हात भाजी जाई! थंडं होऊ दे!"

"नाही भाजत, मोठी माय."

तिने अख्खं वांगं सोललं, देठ धरून दुसरं घेतलं. सालीबरोबर तिच्या बोटाच्या टोकाचं कातडं पांढरं होऊन सुटलेलं मला दिसलं. मी हात धरला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी का धरला ते तिला कळेना. मग तिने खाली बोटांकडे बघितलं. जाऊने घाईने तिचा हात पाण्याच्या तांब्यात घातला, तशी किंचाळून तिने हात ओढून घेतला. गरम कळत नव्हतं, आणि गार पाणी सुयांसारखं टोचत होतं. दोन्ही औषधामुळेच, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

ते भरीत जाऊनेच बडगीत कुटलं. कोणी फारसं खाल्लं नाही.

त्या संध्याकाळी जाऊ देवापाशी दिवा लावत होती, तेव्हा तुमची आई मला म्हणाली, "कधीपासून आहे हे. वाढत चाललंय. बघितल्याशिवाय मला कळत नाही हातात काय आहे ते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मुलांना सांगू नकोस. ती हात धरायला घाबरतील."

दुसऱ्या दिवसापासून ती दुप्पट जोराने कामाला बसली. मला वाटायचं, आता कशाला? पण मी माऊस फिरवत राहिले. तुमचं विमान निघालं त्या दुपारी आम्ही शेवटच्या जोडीला आलो. साखळीची दोन टोकं म्हणावीत इतके लांबचे ते दोघे, पडद्यावर अगदी समोरासमोर. अंतर आठाच्या जरासंच बाहेर निघालं.

"धरूया की," मी म्हटलं. "इतकं जवळ तर आहे."

"नाही, आई. आठ म्हणजे आठ."

"ही मर्यादा ठरवली कोणी? माणसांनीच ना?"

"माणसांनीच. प्रोटीनला ती माहीतसुद्धा नाही." ती जरा वेळ त्या दोघांकडे बघत होती. "पण आपण पाळायची."

मी ती जोडी सोडली. तिने लॅपटॉप मिटायला सांगितला आणि कपाटात, वरच्या खणात ठेवायला लावला.

मग तुम्ही आलात. ते दिवस तुम्हाला आठवतात. सोफ्यावर ती मध्ये, एका बाजूला ताई, एका बाजूला दादा, दोघांचा एकेक हात तिच्या हातात. ताई, तू एकदा म्हणालीस, "आई, माझ्याकडे बघ ना." तिने वर बघितलं, हसली, आणि पुन्हा खाली बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू हात काढून घेतलास की अजून तिथेच आहे, हे तिला बघूनच कळत होतं. वर तुझ्या तोंडाकडे बघायचं तर हात सुटल्यासारखा वाटायचा. दोन्ही एकदम तिला जमत नव्हतं. ती रागावली नव्हती, बाळा. तिने तुमचे हात धरले होते, तिला शक्य होतं तसे.

आणखी एक सांगते. ते तुम्हा दोघांनाही माहीत नाही.

तुम्ही निघालात त्या सकाळी अंगणात कडाक्याची थंडी होती. गाडी फाटकाशी उभी होती आणि बाबा बॅगा चढवत होते. आम्ही तिला खुर्चीवर बसवून गळ्यापासून पायांपर्यंत शालीत गुंडाळलं होतं. दादा तिला चिकटून उभा होता आणि गारठला म्हणून त्याने आपला हात शालीच्या आत सारला होता. ताई तिच्या गळ्यात पडून रडत होती. तुझा चेहरा इतका जवळ होता, ताई, की त्या वेळी ती फक्त तुझ्याकडेच बघत होती.

मी तिच्या मागे उभी होते. तिने मान न वळवता मला हळूच विचारलं, "आई, त्याने माझा हात धरलाय का?"

मी वाकले आणि शालीची कड जराशी उचलून बघितलं.

"हो," मी म्हटलं. "धरलाय."

"घट्ट?"

"घट्ट," मी म्हटलं.