कूलर आणि लावलेली खिडकी

कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की माझं डोकंच फिरतं. परवा महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये बायकोनं नवा कूलर सुरू केला, खिडक्या घट्ट लावल्या, आणि मी मनानं थेट गावी, कोळवणच्या त्या खोलीत पोचलो.

दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मांडीचं हाड मोडून तिथं खाटेवर होते. जून लागला होता, हवा दमट झाली होती. अशा हवेत कूलरचं पाणी सुकत नाही, आणि ते सुकल्याशिवाय गारवा येत नाही. मी मात्र गारवा बाहेर जातोय असं समजून खिडकी लावायचो आणि आणखी पाणी ओतायचो. दादांच्या पाठीला चादर चिकटायची.

"आरं, खिडकी उघड. न्हाईतर गोठ्यात नेऊन टाक मला. म्हशी लई सुखात हायेत."

"दादा, तुमच्यासाठीच आणलाय ना कूलर? जरा दम धरा की!" मी खेकसायचो.

एका दुपारी वीज गेली. वैतागून मी खिडकी उघडली. वारा आला, दादांचा घाम सुकला आणि कितीतरी दिवसांनी ते शांत झोपले. चूक काय होती ते मला तिथेच कळलं. पण कूलर मी आणला होता, आणि दादांचं खरं ठरू द्यायचं नव्हतं. वीज आल्यावर मी खिडकी पुन्हा लावली.

परवा उठून खिडकी उघडली, तर बायको ओरडली, "अहो, गार हवा बाहेर जातेय!"

"जाऊ दे," एवढंच म्हणालो. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.