धोतऱ्याची भावकी

मालकांना गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडा उलटत नाही तोच माझ्यावर विष घातल्याचा आळ आला. मालक म्हणजे माझा नवरा; आमच्याकडे नवऱ्याला तसंच म्हणतात. आळ घेणारी माझी मोठी नणंद. विधवा झाल्यापासून ती आमच्याकडेच, रिठदला राहत होती. तिची नजर अशी, की दुधावरची साय कोणी चाखली ते मांजराच्या आधी तिला कळे.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मालक बोलेनासे झाले होते. भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहायचे. बैल दावणीला हंबरले तरी मान वळवत नसत. ताप नाही, खोकला नाही, त्यामुळे हा आजार आहे हे गावात कोणी मानेना. शेजाऱ्यांनी मांत्रिक सुचवला. पण आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी धर्म घेतला तेव्हा देव आणि भुतं दोघांनाही एकदमच घराबाहेर काढलं होतं. करणी केली म्हणायची सोयच उरली नव्हती. मग नणंदेचा संशय भुताऐवजी थेट सुनेवर आला. म्हटलं तर ही सुधारणाच!

वाशीमच्या डॉक्टरांनी गोळ्या देताना बजावलं होतं, गुण यायला काही आठवडे लागतील. पण गुण यायच्या आधी गोळीनं भलतीच करामत दाखवली. मालकांचं तोंड कोरडं पडलं. भाकरीचा घास उतरेना. डोळ्यांपुढचं धूसर दिसायला लागलं. आधीच ते गोळी घ्यायला तयार नसत, मी विनवण्या करून तोंडात घालायची, त्यात हे. आणि ज्या गावात उकिरड्याउकिरड्यावर धोतरा उगवतो, तिथं ही लक्षणं बायकांना कोणी शिकवावी लागत नाहीत.

नणंद चुलीपाशी येऊन उभी राहिली. "काय टाकून राह्यली वो त्याच्या जेवनात? धोतऱ्याचं बी हाय हे. मले काय समजत नाही?"

"गोळीच हाय बाई. डॉक्टरची."

"मंग तू खाऊन दाखव. माह्यासमोर."

मी रागारागात गोळी गिळली. दुपार कलेपर्यंत माझीच जीभ टाळूला चिकटली. नणंदेनं कोरड्या भाकरीचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि माझ्या गळ्याकडे टक लावून बसली. घास काही केल्या खाली जाईना. तिनं नुसती मान हलवली. खरं सांगते, मीसुद्धा घाबरले. हा डॉक्टर कोण, कुठला, माझ्या हातून माझ्याच माणसाला काय चारून राहिला, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं वाशीमला गेलो. डॉक्टरांसमोर बसताच नणंदेनं सरळ विचारलं, "याच्यात धोतरा हाय का?"

डॉक्टर हसले नाहीत. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"धोतरा नाही. पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही," ते म्हणाले. "आपल्या मेंदूत, साऱ्या अंगात फार बारीक जागा असतात. अंगातलीच द्रव्यं तिथं येऊन बसतात, तेव्हा निरोप पुढं जातो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? रुमाल काही प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. धोतरा तसाच. लाळेचा निरोप घेणारी जागा अडवतो, म्हणून तोंड कोरडं पडतं. ही गोळीसुद्धा त्या जागेवर थोडा रुमाल टाकते. पण तिचं खरं काम दुसरीकडं आहे. मनाला उभारी देणारी द्रव्यं ती मेंदूत जास्त वेळ टिकवते. त्याला इतके दिवस का लागतात, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

"म्हंजे धोतऱ्याची भावकीच झाली," नणंद म्हणाली.

घरी पाऊल टाकल्याबरोबर तिनं बाजेपाशी जाऊन हेच सांगितलं. "ऐकलं काय भाऊ? डॉक्टर सोताच म्हनते. हिच्या हातची गोळी घेऊ नको."

पण संध्याकाळी मी गोळी घेऊन गेले, तर विनवणी करायच्या आधीच मालकांनी हात पुढं केला. नणंदेच्या डोळ्यांदेखत! माझा ऊर भरून आला. सख्ख्या बहिणीपेक्षा यांचा माझ्यावर भरवसा, म्हणून मी कितीतरी दिवस मान ताठ करून फिरले. मग रोज ते स्वतःहून हात पुढं करू लागले. तिसरा आठवडा सरता सरता एका सकाळी त्यांनी विचारलं, "बैलायले पानी पाजलं काय?" मी चुलीपाशी तोंड लपवून रडले.

पुढच्या साली आम्ही वावरात कापूस वेचत होतो. आता मालक हसत-बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "तवा बाई धोतरा धोतरा करे. मले तर खरंच वाटलं होतं. वाटे, तूच जहर देऊन राह्यली."

"मंग काहून घेतली गोळी? सोताहून हात पुढं करून?"

त्यांनी हातातलं बोंड वेचून ओटीत टाकलं.

"म्हनूनच," ते म्हणाले.

मग त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला, ते घटाघटा प्यायले. त्या पुढं केलेल्या हाताचा मला किती अभिमान वाटला होता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.