आईने मागवलेला सिनेमा

"टीव्हीवर काय लावू, आई?" मी विचारलं. "कुस्ती लाव," ती म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

लहानपणी एकदा धान चुरून, मळणी आटोपल्यावर बाबांनी साकोलीहून व्हिडिओ भाड्याने आणला. आईने पहिल्यांदाच, लाजत, एक सिनेमा मागवला होता. "आधी कुस्ती!" आम्ही पोरं ओरडलो. एक कॅसेट संपली, हट्टाने दुसरी लावली. पडवीत धानाच्या तणसाचा वास, आणि पदराला हात पुसत थांबलेली आई. सिनेमा लागला तोवर भाताचं आंधण ठेवायची वेळ झाली. पडद्यावरची नावं संपायच्या आत ती उठली. स्वतःच मागवायचा आणि पाहायचा नाही! मला तेव्हा तिचाच राग आला होता.

"कुस्ती काहून? तुले तर सिनेमा आवडते ना?"

"कुस्तीतून कवाबी उठता येते, बाई."